पांघरूण पाहून शेगडी

मुलांनो, आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या बरं. गोधडी गरम असते का?

‘हा काय प्रश्न झाला? असतेच की!’ असं तुमच्यातल्या निम्म्यांनी तरी मनात म्हटलं असेल. मग असं करा. कपाटात घडी करून ठेवलेली गोधडी काढा. शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसा साधा थर्मामीटर (तापाचा नव्हे!) तिच्या घडीत सरकवा आणि अर्ध्या तासानं पाहा. खोलीचं जे तापमान, तेच गोधडीच्या पोटातलं! गोधडीला स्वतःची ऊब नसतेच मुळी. ऊब असते आपल्या अंगाची. शांत बसलेला मोठा माणूससुद्धा साधारण १०० वॉटच्या जुन्या दिव्याइतकी उष्णता सतत बाहेर टाकत असतो. ती चटकन निसटून जाऊ नये, एवढंच काम गोधडी करते.

अजून पटत नाही? मग बर्फवाल्याला आठवा. भर उन्हात तो बर्फाची लादी लाकडाच्या भुशात आणि गोणपाटात गुंडाळून ठेवतो. गोणपाट ‘गरम’ असतं, तर बर्फाचं केव्हाच पाणी झालं असतं. तिथंही काम तेच, फक्त दिशा उलटी. तिथं बाहेरची उष्णता आत जाऊ द्यायची नाही.

तेव्हा ऊब तयार करणं हे एक काम आणि ती टिकवणं हे दुसरं काम. पहिलं काम शेगडीचं, दुसरं पांघरुणाचं. हे दोन्ही नीट वेगळं ओळखलंत, की आजचं कोडं तुम्ही सहज सोडवाल. कोडं असं : कडाक्याच्या थंडीतल्या एका घराला केवढा हीटर लागेल?

आता ‘कडाक्याची थंडी’ म्हटलं की आपल्याला महाबळेश्वर नाहीतर फार फार तर शिमला आठवतो. पण आज आपण त्याहून पुष्कळ पुढं जाऊ. नकाशात उत्तर अमेरिकेचा वरचा डावा कोपरा शोधा. तिथं अलास्का आहे. त्याच्या साधारण मध्यावर फेअरबँक्स नावाचं शहर आहे. उत्तर ध्रुववृत्तापासून फार दूर नाही. २१ डिसेंबरला तिथं सूर्य जेमतेम पावणेचार तास दिसतो, तोही क्षितिजाला चिकटून. जानेवारी महिन्याचं सरासरी तापमान उणे २२ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. म्हणजे आपल्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात असतं त्याहूनही थोडं कमीच! १९३४ सालच्या जानेवारीत तर पारा उणे ५४ पर्यंत उतरला होता.

या शहराच्या आसपास लाकडाची छोटी छोटी घरं आहेत. कितीतरी घरांत नळच नाहीत. कारण नळातलं पाणी गोठलं, तर बर्फ फुगून पाइप फोडतो. तिथली माणसं डब्यांतून पाणी भरून आणतात. काही ठिकाणी जमीन खोलवर बारा महिने गोठलेली असते. घराच्या उबेनं ती वितळली तर घरच कलायचं! म्हणून तिथं घर खांबांवर जमिनीपासून उचलून बांधतात.

तर अशा एका घराची आपण कल्पना करू. घर चौकोनी, ६ मीटर लांब, ६ मीटर रुंद, उंची अडीच मीटर. म्हणजे आपल्याकडच्या दोन खोल्यांच्या घराएवढं. आईबाबा आणि दोन मुलं. भिंतींच्या पोटात साडेपाच इंच जाडीची ग्लासवूल, म्हणजे काचेच्या तंतूंची लोकर भरलेली. छपराखाली तर तिचा थर फूटभर जाड. खिडक्यांना एकाआड एक तीन काचा. एकूण काय, घरानं चांगली जाड गोधडी पांघरलेली आहे.

आता बाबा हीटर आणायला दुकानात जातात. दुकानदार विचारतो, ‘‘घर किती चौरस फुटांचं?’’

इथंच पहिली चूक होते. प्रश्न वाईट नाही, पण अर्धाच आहे. माणूस किती उंच आहे एवढंच विचारून त्याला रात्री थंडी वाजेल की नाही हे सांगता येईल का? त्यानं काय पांघरलंय आणि बाहेर थंडी किती आहे, तेही विचारायला हवं ना?

मग खरा प्रश्न कोणता? खरा प्रश्न असा, की सगळ्यात थंड रात्री या घरातून दर सेकंदाला किती उष्णता गळते?

‘गळते’ हा शब्द मी मुद्दामच वापरला. न्हाणीघरातली गळकी बादली डोळ्यांपुढं आणा. बादलीत पाण्याची पातळी आहे तेवढीच ठेवायची असेल, तर नळ केवढा सोडाल? जेवढं पाणी खालून गळतं, नेमका तेवढाच. कमी सोडला तर पातळी उतरेल, जास्त सोडला तर चढेल. बादली मोठी की छोटी, याला इथं महत्त्व नाही. महत्त्व भोकाला. घराचंही तसंच. पाण्याची पातळी म्हणजे घरातलं तापमान. भोकं म्हणजे भिंती, छप्पर, खिडक्या, फटी. आणि नळ म्हणजे आपला हीटर.

चला तर, वही-पेन्सिल घ्या. सगळा हिशेब गुणाकार-बेरजेचाच आहे. घाबरायचं कारण नाही.

उष्णतेची गळती तीन गोष्टींवर ठरते. एक, भिंत किती मोठी आहे. दोन, आत आणि बाहेर तापमानात किती फरक आहे. आणि तीन, भिंत कशाची आहे. या तिसऱ्या गोष्टीसाठी इंजिनिअर मंडळी एक आकडा वापरतात. त्याला ते यू-व्हॅल्यू म्हणतात, आपण ‘गळती-अंक’ म्हणू. आत-बाहेर फक्त १ अंशाचा फरक असताना १ चौरस मीटर भिंतीतून किती वॉट उष्णता निसटते, तो तिचा गळती-अंक. अंक जितका लहान, तितकी गोधडी चांगली.

आपल्या घराचे चारी बाजूंचे क्षेत्रफळ २४ गुणिले २.५, म्हणजे ६० चौरस मीटर. त्यातून खिडक्यांचे ५ आणि दाराचे २ वजा केले, की निव्वळ भिंत उरते ५३ चौरस मीटर. आता एकेक गळती मांडू :

भिंती : ५३ × ०.३ = १५.९
छप्पर : ३६ × ०.१५ = ५.४
खालची जमीन : ३६ × ०.२ = ७.२
खिडक्या : ५ × २ = १०
दार : २ × १ = २

थांबा, बेरीज करायची घाई नको. एक चोर अजून मोकळाच आहे. ओळखा पाहू कोण?

बरोबर, हवा! दाराच्या फटीतून, खिडकीच्या चौकटीतून, झरोक्यांतून आतली ऊबदार हवा बाहेर जाते आणि बाहेरची बर्फगार हवा आत येते. तिलाही तापवावं लागतं. आपल्या घरात ९० घनमीटर हवा आहे. त्यातली निम्मी, म्हणजे ४५ घनमीटर, दर तासाला बदलते असं धरू. तासाला १ घनमीटर हवा बदलली, तर १ अंश फरकाला साधारण ०.३३ वॉट खर्ची पडतात. म्हणून ४५ × ०.३३ = सुमारे १५.

आता करा बेरीज. १५.९ + ५.४ + ७.२ + १० + २ + १५ = ५५.५. म्हणजे बाहेरचं तापमान एक अंशानं उतरलं, की या घराला सुमारे साडेपंचावन्न वॉट जास्त लागतात. हा झाला आपल्या घराचा स्वभाव. थंडी वाढली, उतरली, तरी हा आकडा तोच.

जरा या बेरजेकडे निरखून पाहा. खिडक्या आहेत अवघ्या ५ चौरस मीटर, पण त्यांची गळती ३६ चौरस मीटरच्या छपराच्या जवळजवळ दुप्पट! आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या फटी तर एवढ्या सगळ्या भिंतींइतकीच उष्णता पळवतात. म्हणून तिथले शहाणे लोक हीटर विकत घेण्याआधी फटी बुजवतात.

आता थंडी किती धरायची? आत २० अंश हवेत. बाहेर आपण उणे ४० धरू. (गंमत पाहा, उणे ४० हा एकच आकडा सेल्सिअस आणि फॅरनहाइट या दोन्ही मापांत सारखाच येतो. करून पाहा : उणे ४० ला ९ नं गुणा, ५ नं भागा आणि ३२ मिळवा.) फरक झाला ६० अंशांचा. ५५.५ × ६० = ३,३३०. म्हणजे उणे ४० च्या रात्री आपल्या घरातून ३,३३० वॉट, अर्थात सुमारे ३.३ किलोवॉट उष्णता गळते.

३.३ किलोवॉट म्हणजे किती, सांगू? आपल्याकडच्या हजार वॉटच्या तीन इस्त्र्या आणि वर थोडं. बस्स! बाहेर सगळं जग गोठलेलं, आणि घर ऊबदार ठेवायला तीन-साडेतीन इस्त्र्या पुरेशा. शिवाय घरातली चार माणसंही आपल्या अंगाची पाचदहा टक्के मदत करतातच, ती वेगळी!

पण अगदी काटेकोर तेवढाच हीटर घेऊ नये. हिशेबात थोडी चूक असू शकते, एखादी फट आपल्या नजरेतून सुटलेली असते, आणि एखादी रात्र उणे ४० च्याही खाली जाते. म्हणून वर साधारण पाव हिस्सा राखीव धरू. ३,३३० आणि त्याचा पाव, मिळून झाले सुमारे ४,१६० वॉट. आता आठवा ती १९३४ सालची उणे ५४ अंशांची थंडी. त्या रात्री फरक झाला असता ७४ अंशांचा. ५५.५ × ७४ = ४,१०७. पाहिलंत? पाव हिस्सा राखीव धरला, तर त्या विक्रमी रात्रीसुद्धा आपला हीटर घराला पुरून उरला असता!

अमेरिकेत हीटरवर वॉटऐवजी बहुधा ‘बीटीयू’ हे माप छापतात. १ किलोवॉट म्हणजे तासाला सुमारे ३,४१२ बीटीयू. आपले ४,१६० वॉट होतात साधारण १४,२०० बीटीयू. तेव्हा बाबांनी दुकानात १५,००० बीटीयूचा छोटा हीटर मागावा. झालं काम.

‘पण मग मोठाच घेतला तर काय बिघडलं? थंडीशी कशाला खेळायचं?’ असं कुणीतरी म्हणेलच. दुकानदार तर नक्की म्हणेल! आणि होतंही तसंच. हिशेब करणारा थोडं वाढवून सांगतो, दुकानदार त्यावर थोडं वाढवतो, घरमालक म्हणतो ‘असू दे अजून एक नंबर मोठा’. तिघांचं वाढवणं मिळून हीटर होतो गरजेच्या तिप्पट-चौपट. आणि मग अती तिथं माती!

कशी ते पाहा. समजा, बाबांनी १५ किलोवॉटची मोठी लाकडाची शेगडी आणली. तिला धुराडं आहे, हवा कमीजास्त करायची झडप आहे. सप्टेंबरची संध्याकाळ, बाहेर ५ अंश. फरक फक्त १५ अंशांचा. घराला हवेत ५५.५ × १५, म्हणजे जेमतेम ८३० वॉट. शेगडी चांगली पेटवली, तर वीस मिनिटांत घराची भट्टी होते. खिडक्या उघडाव्या लागतात! म्हणून मग झडप आवळायची. हवा कमी पडली, की लाकूड जळत नाही, नुसतं धुमसतं. आपल्याकडे चुलीत ओलं लाकूड घातलं की काय होतं, आठवतंय ना? डोळ्यांतून पाण्याच्या धारा. तसंच. अर्धवट जळलेला धूर थंड धुराड्यात चढतो आणि आतल्या बाजूला डांबरासारखा काळा, चिकट थर धरतो. त्याला क्रिओसोट म्हणतात. तो पेट घेणारा असतो. पुढं एखाद्या थंड रात्री शेगडी जोरात पेटवली, की धुराड्यालाच आतून आग लागते. लाकडाच्या घराला लाकडाच्या शेगडीनं आग लागायची ही एक नेहमीची वाट.

तेलाचा हीटर घेतला तरी सुटका नाही. गरजेपेक्षा फार मोठा असला, की तो पेटतो, दोन मिनिटांत खोली तापवतो, विझतो. पुन्हा पेटतो, पुन्हा विझतो. पेटताना-विझताना काजळी जास्त धरते, तेल वाया जातं, यंत्र लवकर झिजतं. घरात कधी घाम, कधी हुडहुडी. हल्लीचे चांगले हीटर ज्योत लहानमोठी करतात खरे. पण ज्योत किती लहान व्हावी, यालाही एक खालची मर्यादा असतेच.

आणि यात भुर्दंड फक्त एका घराला पडत नाही, बरं का. फेअरबँक्सच्या तीन बाजूंना टेकड्या आहेत. हिवाळ्यात वारा पडतो, जमिनीलगतची हवा अतिथंड आणि जड होते, आणि तिच्यावर थोड्या गरम हवेचं झाकण बसतं. मग घराघरांतला धूर वर जात नाही. खालीच साचून राहतो, पातेल्यावर झाकण ठेवल्यासारखा. त्या धुरातले अतिसूक्ष्म कण आपल्या केसाच्या जाडीच्या पंचवीस-तिसाव्या भागाएवढे किंवा त्याहून लहान असतात. ते नाकात अडकत नाहीत, थेट फुप्फुसात जातात. लहान मुलांना, म्हाताऱ्या माणसांना, दमेकऱ्यांना त्याचा त्रास सगळ्यात जास्त. २००९ साली अमेरिकेच्या सरकारनं फेअरबँक्स आणि शेजारच्या नॉर्थ पोल या गावाचा भाग हवेच्या बाबतीत नापास ठरवला. त्याचं एक मोठं कारण होतं लाकडाच्या शेगड्यांचा धूर. हवा फार बिघडली, की तिथं लाकूड पेटवायला बंदी करतात. फक्त ज्यांच्याकडे ऊब मिळवायची दुसरी पुरेशी सोय नाही, त्यांना सूट मिळते. तुम्हीच सांगा, ओलं लाकूड आणि नको तेवढी मोठी शेगडी यांतून एका घराची ऊब झाली, पण शेजारच्या बाळाला खोकला झाला, तर तो हिशेब बरोबर म्हणायचा का?

मग अगदी छोटाच हीटर घ्यावा का? नाही हं! तो तर जास्त धोक्याचा. डिसेंबरपर्यंत सगळं सुरळीत चालतं. आणि नेमक्या उणे ४० च्या रात्री घरातलं तापमान १५, १०, ५ असं उतरत जातं. पाणी गोठतं. मग घाबरून माणसं स्वयंपाकाचा गॅस पेटवून ठेवतात, घरात कोळसे आणून ठेवतात. इथं गाठ पडते ती कार्बन मोनॉक्साइडशी. हवा अपुरी असताना काही जाळलं, की हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तात शिरून प्राणवायूची जागा बळकावतो. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि त्या झोपेतून माणूस उठतच नाही. फटी बुजवलेल्या घरात तर हा धोका आणखीच मोठा. म्हणून अशा घरांत दोन पदरी नळीचा हीटर बसवतात. तो जळण्यासाठी लागणारी हवा बाहेरूनच घेतो आणि धूर बाहेरच सोडतो. घरातल्या हवेशी त्याचा संबंधच नाही. शिवाय माणसांना श्वास घ्यायला ताजी हवा हवी, तिची सोय वेगळी करतात. आणि भिंतीवर कार्बन मोनॉक्साइड ओळखून कर्कश वाजणारी एक डबी लावतात.

ही गोष्ट फक्त अलास्काची आहे असं समजू नका. आपल्याकडेही थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपल्यामुळे किंवा बंद न्हाणीघरात गॅसचा गीझर चालू ठेवल्यामुळे माणसं दगावली आहेत. तुमच्या घरी गॅसचा गीझर आतच बसवलेला असेल, तर आजच आईबाबांना सांगा : तो न्हाणीघराच्या बाहेर बसवायला हवा. तोवर झरोका उघडा ठेवल्याशिवाय तो लावायचाच नाही!

बरं, आता मगाशी दूर ठेवलेली गोधडी पुन्हा जवळ घेऊ. आपलं तेच घर, तेवढंच मोठं, पण भिंतीत लोकर नाही, नुसत्या फळ्या. खिडकीला एकच काच. फटी तशाच. मी तुमच्यासाठी हिशेब करून ठेवलाय. उणे ४० ला त्या घराची गळती होते जवळजवळ २० किलोवॉट! म्हणजे सहापट! पहिल्या घराला दिवसाला सुमारे ९ लिटर तेल पुरतं, तर दुसऱ्याला लागतं ५४ लिटर. दोन्ही घरं बाहेरून सारखीच दिसतात. दुकानदारानं फक्त ‘किती चौरस फूट?’ एवढंच विचारलं असतं, तर दोघांना एकच हीटर दिला असता. एकाला भाजला असता, दुसऱ्याला गारठवला असता.

मग गोधडी आणखी आणखी जाड करत गेलं तर? हा प्रश्न काही लोकांनी खरंच करून पाहिला. १९७३ साली तेलाचे भाव भडकले, तेव्हा जगभर धावपळ उडाली. कॅनडात सस्कॅचेवान नावाचा कमालीचा थंड प्रांत आहे. तिथं रेजायना शहरात हॅरल्ड ऑर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली एक घर उभारलं. भिंती फूटभर जाड, लोकरीनं ठासून भरलेल्या. फटी जवळजवळ नाहीतच. बाहेर जाणाऱ्या हवेची ऊब काढून ती आत येणाऱ्या ताज्या हवेला देणारं यंत्र बसवलेलं. त्या घरात नेहमीची भट्टी बसवलीच नव्हती! पुढं १९९१ साली जर्मनीतल्या डार्मश्टाट शहरात चार कुटुंबं अशाच विचारानं बांधलेल्या घरांत राहायला गेली. वोल्फगांग फाइस्ट हे त्यामागचे एक शास्त्रज्ञ. या जातीच्या घरांना ‘पॅसिव्ह हाउस’ म्हणतात. अशा घरात कडाक्याच्या दिवशीसुद्धा दर चौरस मीटरला १० वॉट पुरावेत, असा त्यांचा दंडक. आपल्या ३६ चौरस मीटरच्या घराला किती झाले? ३६० वॉट. म्हणजे चार माणसांच्या अंगाची ऊब! अर्थात जर्मनीची थंडी अलास्काइतकी कडक नाही. फेअरबँक्समध्ये हे गाठायचं, तर भिंती पुष्कळच जाड कराव्या लागतील. पण दिशा कोणती, ते कळलं ना?

आता तुम्ही म्हणाल, ‘आम्हाला काय त्याचं? आमच्याकडे मे महिन्यात अंगाची लाही होते!’ अहो, पण हिशेब तोच आहे. फक्त बर्फवाल्यासारखी दिशा उलटी. एसी घ्यायला गेलं की ‘एक टनाचा देऊ की दीड टनाचा?’ असं विचारतात ना? हा टन एसीच्या वजनाचा नव्हे. पूर्वी गारव्यासाठी बर्फाच्या लाद्या वापरत. एक अमेरिकन टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढं एसीचं एका टनाचं काम. ते होतं १२,००० बीटीयू, म्हणजे साडेतीन किलोवॉट. आपल्या अलास्काच्या घराची गळती एका टनाहून थोडी कमीच! इथंही नको तेवढा मोठा एसी खोली झटकन गार करून बंद पडतो. मग मुंबई-गोव्याकडच्या दमट हवेतला ओलावा काढायला त्याला वेळच मिळत नाही. खोली गार, पण चिकचिक तशीच. आणि डोक्यावर नुसता तापलेला पत्रा असेल, तर एसीचे टन वाढवत बसण्याआधी पत्र्याखाली काहीतरी रोधक छत घालावं, हे शहाणपणाचं.

आता करून पाहायचा प्रयोग. स्टीलचे तीन सारखे पेले घ्या. मोठ्या माणसाला सोबत घेऊन तिन्हींत सारखंच गरम पाणी भरा आणि वर बशी झाका. एक उघडाच ठेवा. दुसऱ्याला जुना लोकरी स्वेटर गुंडाळा. तिसऱ्यालाही तसाच स्वेटर गुंडाळा, पण ओला करून पिळलेला. दर दहा मिनिटांनी तिन्हींचं तापमान वहीत लिहा. तिसऱ्या पेल्याची अवस्था पाहिलीत, की एक गोष्ट लक्षात येईल. घरातली वाफ भिंतीतल्या लोकरीत शिरू नये, म्हणून थंड देशांत लोकरीच्या आतल्या बाजूला प्लॅस्टिकचा कागद का लावतात, ती!

आणि हे तुमच्यासाठी कोडं. आपल्या अलास्काच्या कुटुंबानं खिडक्यांना आणखी चांगल्या काचा बसवल्या. त्यांचा गळती-अंक २ वरून १.२ वर आला. शिवाय सगळ्यांनी मिळून फटी बुजवल्या आणि हवेची गळती १५ वरून ७.५ वर आणली. आता उणे ४० ला किती वॉट लागतील? पाव हिस्सा राखीव धरून हीटर केवढा घ्यावा? आधी स्वतः सोडवा, मगच खालचं उत्तर पाहा. लबाडी नको!

अंथरूण पाहून पाय पसरावेत असं आपले आजी-आजोबा सांगतात. आपण त्याला आज एक जोड देऊ : पांघरूण पाहून शेगडी घ्यावी. भेटू पुढच्या अंकात!

कोड्याचं उत्तर : १५.९ + ५.४ + ७.२ + ६ + २ + ७.५ = ४४. आणि ४४ × ६० = २,६४० वॉट. पाव हिस्सा मिळवून हीटर ३,३०० वॉटचा. म्हणजे पूर्वी जेवढी नुसती गळती होती, तेवढ्यात आता राखीव साठ्यासकट भागतं!